प्रतिसाद: काळ्या डोक्याचा की तपकिरी डोक्याचा कुरव?

तुम्ही टाकलेल्या फोटोंतल्या पक्ष्याला डोळ्यामागच्या काळ्या ठिपक्यावरून काळ्या डोक्याचा कुरव (म्हणजे सीगल) ठरवलंय, पण तो ठिपका हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवालाही असतोच. विणीचा काळ संपला की दोघांचीही डोकी पांढरी होतात, त्यामुळे तिथे बघून काही हाती लागत नाही.

पंख बघा. तुमच्या दुसऱ्या फोटोत, उडताना, पंखाचं टोक चांगलं रुंद काळं दिसतंय आणि त्या काळ्यात टोकाजवळ पांढरे ठिपके आहेत. हा तपकिरी डोक्याचाच. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असते, जणू खडूने रेघ ओढलीय, आणि काळा रंग फक्त पिसांच्या टोकांना. शिवाय फोटो मोठा करून डोळा पाहिला तर बुबुळ फिकट आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाचं गडद असतं. चोचही जरा जाडच वाटतेय.

लाल पायांचा मुद्दा मी सोडून देईन, दोघांचेही लालच असतात. पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यांत मात्र सांभाळून: तपकिरी डोक्याच्या कुरवालाही तेव्हा ते पांढरे ठिपके नसतात आणि डोळा गडद असतो.

बसलेल्या पक्ष्याचा बाजूने काढलेला फोटो असेल तर तोही टाका.