सभागृहाचा ठराव आणि जावक क्रमांक

मेधा (ए-२०३): पालिकेच्या कालच्या सर्वसाधारण सभेची क्लिप कुणी पाहिली? अख्खी दुपार केंद्राच्या कायद्यावर भाषणं, मग हात वर करून मतदान, ठराव बहुमताने मंजूर. विषयपत्रिकेवरचं बाकी सगळं तहकूब. यासाठी निवडून दिलं का यांना?

सावंत (ॲडमिन): मेधाताई, कायदा कोणता आणि पक्ष कोणता हे इथे आणू नका, प्लीज. मागच्या वेळी रुसून ग्रुप सोडलेल्यांना परत आणायला मला दारोदार फिरावं लागलं.

मेधा (ए-२०३): नाव घेतलंच नाहीये. देशाच्या विषयावर पालिकेने ठराव करायचाच कशाला, एवढंच विचारतेय.

निनाद (डी-१०४): का नाही करायचा? शहरात राहणारी माणसं देशात राहत नाहीत?

राणे (बी-३०१): राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिलेत. नगररचना, रस्ते, पाणी, कचरा, अग्निशमन, अगदी स्मशानभूमीसुद्धा. देशाचे कायदे आणि परराष्ट्र धोरण त्यात मला तरी सापडलं नाही.

निनाद (डी-१०४): यादीत आहे ते काम. यादीत नाही त्यावर तोंड उघडायचं नाही असं कुठे लिहिलंय? शिकागोच्या सिटी कौन्सिलने ३१ जानेवारी २०२४ ला गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर मतदान घेतलं. २३ विरुद्ध २३. शेवटी महापौरांचं निर्णायक मत पडलं आणि ठराव पास झाला.

राणे (बी-३०१): मग युद्ध थांबलं?

निनाद (डी-१०४): नाही.

राणे (बी-३०१): संपला विषय.

कर्णिक काका (सी-५०२): संपला नाही हो राणेसाहेब. माझी सगळी नोकरी नगरसचिव कार्यालयात झाली, इतिवृत्तं लिहिण्यात. असे ठराव बहुधा ऐनवेळचा विषय म्हणून यायचे. सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेला, विरोधकांचा हरकतीचा मुद्दा ठरलेला आणि त्यावर महापौरांचं रूलिंगही ठरलेलं. गॅलरीत पत्रकार दिसले की भाषणं लांबायची, जेवणाची वेळ झाली की आटपायची. तरी सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ठरावाचं शेवटचं वाक्य वाचायचं. 'प्रत केंद्र शासनाकडे पाठविण्यात यावी' एवढंच असेल तर ते पत्र समजा. आपल्या खात्याने काय करायचं किंवा काय करायचं नाही हे त्यात असेल तर तो ठराव.

मेधा (ए-२०३): काका, एखादं उदाहरण द्या ना.

कर्णिक काका (सी-५०२): मँचेस्टर घे. १९८० साली तिथल्या कौन्सिलने आपलं शहर अण्वस्त्रमुक्त जाहीर केलं. आता वेशीवर पाटी लावल्याने क्षेपणास्त्र थोडंच मागे फिरणार आहे! पण ब्रिटनमधल्या पुष्कळ कौन्सिलांनी मँचेस्टरची री ओढली. १९८२ मध्ये सरकारने अणुयुद्धाच्या वेळच्या नागरी संरक्षणाची देशभर तालीम घ्यायचं ठरवलं, नाव 'हार्ड रॉक'. ती पार पाडायची कुणी? स्थानिक संस्थांनीच. माणसं त्यांची, यंत्रणा त्यांची. बऱ्याच कौन्सिलांनी साफ नकार दिला आणि सरकारला तालीम गुंडाळावी लागली. १९८३ मध्ये नियम काढून या कामातला सहभाग सक्तीचा केला. सक्ती करावी लागली, म्हणजे कुठेतरी झोंबलं होतं.

राणे (बी-३०१): हे माहीत नव्हतं. पण मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. हातातलं काम असेल तर बोला.

शिंदे बाई (ए-६०१): मँचेस्टरला कशाला जाता, महाड जवळ आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य करून चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. तळं कुणाच्या ताब्यात? नगरपालिकेच्या. म्हणजे काकांच्या मापाने एकदम पक्का ठराव. तरी १९२७ पर्यंत दलितांना तिथे पाणी घेता आलं नाही. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कुठे ओंजळीत पाणी आलं. त्यानंतर नगरपालिकेने काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला स्वतःचाच ठराव मागे घेतला. पुढे कोर्टकचेऱ्या. मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

मेधा (ए-२०३): स्वतःचाच ठराव मागे घेतला, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शिंदे बाई (ए-६०१): मी सांगायचे. तुझी शाळा वेगळी.

राणे (बी-३०१): बाई, मग ठरावाचा उपयोग काय झाला? काम तर लोकांनीच केलं.

कर्णिक काका (सी-५०२): उपयोग नसता तर रद्द करायची तसदी कुणी घेतली असती का? कपाटातल्या कागदाला कुणी हात लावत नाही. लोक त्या ठरावाच्या आधारावर तळ्यावर उतरले, म्हणून तो अडचणीचा झाला.

निनाद (डी-१०४): काका, मग बेळगाव कुठल्या खात्यात मांडणार? राज्याची सीमा महापालिकेच्या हातात नव्हतीच. २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं गेलं. नुसत्या पत्रासाठी एवढं होतं?

सावंत (ॲडमिन): निनाद, जरा जपून.

निनाद (डी-१०४): सावंतकाका, हा सीमाप्रश्न आहे. यात कोणता पक्ष आला?

कर्णिक काका (सी-५०२): बेळगावला मी पत्र म्हणणार नाही. तिथे वादच हा आहे की इथल्या लोकांना कुठे राहायचंय. त्याचं उत्तर त्यांनी निवडून दिलेलं सभागृह देत असेल तर तो पुरावा होतो. सरकारला पुरावाच नको होता.

मेधा (ए-२०३): नियमगिरीचंही तसंच की. ओडिशातल्या डोंगरावर बॉक्साइट काढायचं होतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या आणि सगळ्यांनी नको म्हटलं. खाण झाली नाही.

राणे (बी-३०१): तिथे कायद्याने विचारलं होतं. आपल्या सभागृहाला काल कुणी विचारलं होतं?

निनाद (डी-१०४): न विचारता बोलायचं नाही म्हणजे शाळाच झाली की.

शिंदे बाई (ए-६०१): शाळेबद्दल असं बोलू नकोस.

राणे (बी-३०१): बोलू द्या हवं तेवढं. पण आधी पाणी, मग भाषणं. क्रम उलटा लावला की माझं डोकं फिरतं. २०२२ पासून राज्यातल्या कित्येक महापालिकांत सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. तेव्हा ओरडत होतो ना आपण, आमचे प्रश्न मांडणारं कुणी नाही म्हणून?

मेधा (ए-२०३): राणेकाका, यावर मी तुमच्या बाजूने. काका, असा ठराव राज्य सरकार रद्द करू शकतं का?

कर्णिक काका (सी-५०२): आमच्या भाषेत 'विखंडित'. महापालिका अधिनियमाचं कलम ४५१. नगर परिषद असेल तर तिचा ठराव तहकूब ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो, कलम ३०८. पण नुसतं पत्र विखंडित करून कुणाला काय मिळणार?

मेधा (ए-२०३): क्लिपमध्ये शेवटी ठराव वाचून दाखवलाय, आत्ताच परत ऐकला. 'सभागृहाच्या तीव्र भावना केंद्र शासनाकडे कळविण्यात याव्यात.' पुढे काही नाही.

राणे (बी-३०१): पत्र!

निनाद (डी-१०४): पत्र तर पत्र. पण ते निघालं तरी पाहिजे.

कर्णिक काका (सी-५०२): आता बरोबर बोललास. माझ्या काळात असे कितीतरी ठराव नस्तीतच, म्हणजे फायलीतच, राहायचे. मेधा, नगरसेवकांना दोनच गोष्टी विचार. पत्राचा जावक क्रमांक काय आणि तहकूब सभा कोणत्या तारखेला.

मेधा (ए-२०३): वॉर्डाच्या ग्रुपवर टाकलं.

मेधा (ए-२०३): उत्तर आलं. 'ताई, कोणता ठराव?'

राणे (बी-३०१): मतदानाला हात वर केला होता का त्यांनी?

मेधा (ए-२०३): क्लिपमध्ये दुसऱ्या रांगेत दिसतायत. दोन्ही वेळा वर आहे. बाजूने पण आणि विरोधात पण.

सावंत (ॲडमिन): नाव टाकू नका!!

कर्णिक काका (सी-५०२): तहकूब सभेची तारीख मात्र सोडू नकोस. पाणीपुरवठ्याचा विषय त्यात पहिला यायला हवा, आणि पुन्हा ऐनवेळचं काही घुसवलं तर गॅलरीत आपली माणसं बसलेली असलेली बरी. मी येतो.

राणे (बी-३०१): मी पण. निनाद, गाडी तू काढ.