मदत हवी आहे: ५० पाउंडाच्या धनुष्याला ब्रॉडहेड कोणतं, फिक्स्ड की मेकॅनिकल? (मिशिगन, हरीण)

मंडळी, इथे धनुष्यबाणाने शिकार करणारं कोणी आहे का? मी मिशिगनमध्ये असते, हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, १ ऑक्टोबरला आर्चरी सीझन उघडतोय आणि गाडं ब्रॉडहेडपाशी (बाणाचं पाती असलेलं शिकारीचं टोक) येऊन अडलंय. आधीच सांगते, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे हे माहितीये, इथे लायसन्स काढून, टॅग लावून रीतसर चालते आणि मांस आमच्या घरीच संपतं, त्यावर भांडायचं असेल तर प्लीज वेगळा धागा काढा.

तर माझं सामान असं. कंपाउंड बो (कप्प्या असलेलं धनुष्य), ड्रॉ वेट म्हणजे ओढायला लागणारा जोर ५० पाउंड, ड्रॉ लेंग्थ म्हणजे ओढायची लांबी २६ इंच (हात आखूड, त्याला मी काय करू). बाणाचं वजन १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) टोकासकट ३८० ग्रेन आणि दुकानातल्या मशीनवर स्पीड आला सेकंदाला २१० फूट. हिशोब केला तर एनर्जी साधारण ३७ फूट-पाउंड येते.

दुकानदार म्हणतो रेज कंपनीच्या हेडसारखं २ इंच उघडणारं मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडतात ते) घे, नेम जरा इकडेतिकडे झाला तरी भोक मोठं पडतं. शेजारचे आजोबा गेली कित्येक वर्षं शिकार करतायत, ते म्हणतात उघडझाप करणारं काही नकोच, फिक्स्ड (पाती कायम उघडी असतात ते) लाव. दोघंही छातीठोकपणे सांगतात पण दोघांचेही बो ७० पाउंडाचे आहेत!! त्यात भर म्हणजे मी तीन ब्लेडचं फिक्स्ड लावून २० यार्डांवर मारून बघितलं तर फील्ड पॉइंट (सरावाची बिनपात्याची टोकं) सगळे मध्ये आणि ब्रॉडहेड चार बोटं डावीकडे. मेकॅनिकल मात्र फील्ड पॉइंटच्या शेजारी जाऊन बसलं, म्हणून मन तिकडे ओढतंय. कायद्याने रुंदी निदान १४/१६ इंच हवी, ती दोन्हीची आहे. काय करू?

प्रतिसाद १
ताई, ३७ फूट-पाउंड एनर्जी हरणाला पुरे आहे. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ दिलंय. पण मेकॅनिकलची पाती उघडायलाच त्यातली थोडी खर्च होते आणि २ इंचाचं पातं मांसातून ढकलायला जोर जास्त लागतो, ७० पाउंडवाल्याला ते परवडतं, तुम्हाला नाही. तुम्हाला मोठं भोक नकोय, दोन भोकं हवीत, एक बाण आत जाताना, एक बाहेर पडताना. ट्रीस्टँडवरून (झाडावरच्या मचाणावरून) मारणार असाल तर बाण वरून आत शिरतो, खालून बाहेर पडला नाही तर रक्त छातीतच साठतं आणि जमिनीवर थेंब दिसत नाही, मग ऑक्टोबरच्या लालपिवळ्या पाल्यात शोधत बसा.

म्हणून टोकापासूनच कापत जाणारं दोन ब्लेडचं फिक्स्ड घ्या, कट एक-सव्वा इंच. मॅग्नस स्टिंगर बघा, १ १/८ इंच आहे. खांद्याच्या हाडाच्या वाटेला जाऊ नका, हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तेव्हाच सोडा. १२५ ग्रेनचं हेड घेतलंत तर पुढे वजन येऊन बाण अजून खोल जाईल, पण त्याने बाणाचा स्पाइन (काडीचा ताठपणा) मऊ पडतो, तो तक्त्यात आधी तपासा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण खरी गोम त्या चार बोटांत आहे. फिक्स्ड डावीकडे जातंय तो ब्रॉडहेडचा दोष नाही, बाण बोमधून तिरका सुटतोय. फील्ड पॉइंटवर ते कळत नाही, उघड्या पात्यांना वारा धरतो म्हणून कळतं. मेकॅनिकल लावलं की दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही, बाण वाकडाच लागतो आणि थोडा जोर वळवळण्यात जातो. ५० पाउंडात उधळायला जोर आहे कुठे!

आधी बाण तळहातावर उभा धरून गरागरा फिरवा, टोक थरथरलं तर हेड नीट बसलेलं नाही. ते ठीक असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवा, म्हणजे ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटकडे, एका वेळी १/३२ इंच, जास्त नाही. परत दोन्ही मारून बघा. दोन्ही एका जागी आले की मग साइट (नेम धरायचं साधन) हलवा, आधी साइटला हात लावू नका.

प्रतिसाद ३
मी टेक्सासात ६५ पाउंडावर मेकॅनिकलच वापरतो आणि सुखी आहे, उगाच त्यांना शिव्या नकोत. तुमच्या आकड्यांवर मात्र मीही फिक्स्डच लावलं असतं.

धागाकर्ती
खूप आभार! रेस्ट सरकवला, बराच फरक पडला, अजून बोटभर राहिलंय. स्टिंगर मागवते. एक शंका, सराव आणि शिकार एकाच हेडने केली तर चालेल का? आणि माझं टार्गेट पोत्याचं आहे.

प्रतिसाद २
पोत्यावर अजिबात नको, पाती पोतं फाडतील आणि बाण निघणारही नाही. थरांच्या फोमचं टार्गेट आणा. पाकिटातलं एक हेड सरावाला ठेवा, त्यावर मार्करने खूण करा. बाकीची एकदा मारून कुठे जातात ते बघायचं आणि परत धार लावून भात्यात. धार बघायला रबरबँड ताणून पात्यावर हलकेच टेकवा, दाबावं लागलं तर धार गेली. आणि हेड पिळून बसवताना रेंच वापरा, बोटं नाही.