"थांबा आजी, आलेच": वॉर्डातल्या रात्रींचे अनुभव

मंदाताई_निवृत्त:
काल नणंदेजवळ सरकारी दवाखान्यात रात्री थांबले होते. बायकांचा मेडिसिन वॉर्ड, खाटांच्या मधे जमिनीवरही गाद्या. आणि सिस्टर एकच, चोवीस-पंचवीसची पोर. चारी बाजूंनी "सिस्टर, सलाईन संपली". ती प्रत्येकीला म्हणायची, "आलेच हं."

माझ्या पोटात कालवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही अशीच नाईटला एकटी होते. चाळीस खाटा, साठच्या वर पेशंट. एका आजींना संडासला जायचं होतं. "थांबा आजी, आलेच" म्हटलं आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाईला फिट आली म्हणून तिकडे धावले. आजी तरी किती वाट बघणार? स्वतःच उठल्या, पडल्या, खुबा मोडला. सकाळी मला मेमो. खुलासा लिहून दिला, पण त्या रात्री पेशंट किती होते हे कुणी विचारलंच नाही. आजींचा मुलगा तेवढा म्हणाला, "बाई, तुम्ही तरी कुठं कुठं पुरणार."

तुमच्याही अशा रात्री असतील. लिहा.

रात्रपाळी:
ताई, डोळे भरून आले. ग्रामीण रुग्णालय, 30 खाटा, नाईटला मी एकटीच. लेबर रूममध्ये बाळाचं डोकं दिसायला लागलेलं आणि बाहेर सर्पदंश आला. डॉक्टरांनी एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावलं, पण रिॲक्शन कधी येईल नेम नाही, सतत लक्ष हवं. डॉक्टरांना इकडेही यायचं होतं. शेवटी सर्पदंशाच्या पेशंटजवळ सफाईच्या मावशींना बसवलं. अंगावर पुरळ उठलं, दम लागला की हाक मारा म्हटलं. सगळे वाचले. पण मावशींवर हे ओझं का? बाकीचं नंतर, पुढच्या पाळीला ओव्हर द्यायचंय.

डोंगरातली_एएनएम:
मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. आदिवासी भागात 3000 लोकसंख्येला एक उपकेंद्र. शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी, म्हणून तेही माझ्याकडे. लसीकरण करून यायचं, मग टेकाडावर रेंज शोधत मोबाईलवर माहिती भरायची. पहिलटकरणी म्हणतात, ताई जरा बसा ना. भीती वाटत असते त्यांना, विचारायचं असतं काहीतरी. आणि माझी जीप निघालेली असते.

ब्रदर_सर्जिकल:
नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, साध्या वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स, म्हणजे एका पाळीत 9 ला 1. शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा. हे जादाचे मी तरी कधी बघितले नाहीत. एखादी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या पाळ्या उरलेल्यांत वाटायच्या. मार्च 2023 ला जुन्या पेन्शनसाठी संप केला तेव्हा लोक बोलले, पेशंटना वाऱ्यावर सोडलं. एरवी रात्री साठांना एकच सिस्टर असते, तेव्हा का नाही बोलत?

सिस्टरचा_मुलगा:
मी नर्स नाही. आई होती. नाईट करून आली की मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून गप्प बसायची. आम्हाला वाटायचं रागावलीय. आता तिच्या पायांच्या शिरा फुगल्यात, काय करावं?

निशिगंध:
मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांनी त्यांच्यातल्याच अरुणा शानबागला, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या नर्सला, 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. 42 वर्षं! माया आहे आपल्यात. हात कमी पडतात हो.

रात्रपाळी:
@सिस्टरचा_मुलगा, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितलं तर शिरांसाठीचे घट्ट मोजे मापानेच घ्या, आणि सकाळी पाय खाली सोडायच्या आधी चढवायचे. माझेही तेच चालू आहे, चाळिशीतच.

डोंगरातली_एएनएम:
कुठले घेतलेस गं? मलापण हवेत.

रात्रपाळी:
मेसेज करते.

मंदाताई_निवृत्त:
नणंद बरी आहे. त्या पोरीला सकाळी पोहे नेऊन दिले, रात्रभर पाणीसुद्धा प्यायली नव्हती. @सिस्टरचा_मुलगा, आई कुठल्या बॅचची रे?

सिस्टरचा_मुलगा:
विचारून सांगतो काकू. आत्ताच झोपलीय.