कोरियन: सुचवताना काल्कायो, काल्लेयो की काप्शिदा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

टोपिक १ या कोरियन भाषेच्या प्राथमिक पातळीच्या परीक्षेची तयारी घरीच करते आहे. ऐकण्याच्या भागात 30 प्रश्न असतात आणि पहिल्या 4 प्रश्नांत, विचारलंय त्याला जुळणारं उत्तर निवडायचं असतं. तिथेच घोडं अडलंय.

'जाणे' हे एकच क्रियापद घेतलं तरी 'चल, जाऊ या' म्हणायच्या किती तऱ्हा! काजा, काप्शिदा, काल्कायो, काल्लेयो, कानुन गे ऑत्तेयो. यातलं काजा मैत्रिणीत चालतं, एवढं पक्कं कळलंय. बाकीच्यांचं काय?

सगळ्यात जास्त गोंधळ 'ल्कायो'चा. "काच्ची काल्कायो?" म्हणजे 'बरोबर जायचं का?', "चेगा हाल्कायो?" म्हणजे 'मी करू का?', आणि "नेइल पिगा ओल्कायो?" म्हणजे 'उद्या पाऊस येईल का, काय वाटतं?' शेवट तिन्हीकडे तोच. ऐकताना ओळखायचं कसं?

दुसरं म्हणजे, पुढे चाकण-रांजणगावकडच्या एखाद्या कोरियन कंपनीत दुभाषी व्हायची मनापासून इच्छा आहे. तिथे पुजांगनिमना, म्हणजे विभागप्रमुखांना, 'जेवायला चला' म्हणताना काप्शिदा चालेल का? रूप औपचारिक आहे असं वाचलंय, पण ते आदराचंही आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

काप्शिदा साहेबांना अजिबात नको. औपचारिक आहे हे खरं, पण ते बरोबरीच्यांना, हाताखालच्यांना किंवा सगळ्या गटाला उद्देशून म्हणतात. वरिष्ठांना म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. "पुजांगनिम, चॉम्शिम दुशिरॉ काशिजियो" म्हणा. 'जेवणे'साठी मॉक्ता सोडून आदराचं दुशिदा घेतलं आणि 'का'ला आदराचा 'शि' जोडला, की झालं. "काशिल्कायो?" हेही चालतं.

आता ल्कायो. कर्ता बघा. 'मी' किंवा 'आपण' असेल आणि कृती आपल्या हातातली असेल, तर ती सूचना. कर्ता तिसराच असेल, पाऊस, गाडी, शिक्षक कुणीही, तर समोरच्याचा अंदाज विचारलाय. आणि भूतकाळाचं रूप आलं की अंदाजच, डोळे झाकून: "किछागा तोछाखेस्सुल्कायो?", गाडी पोचली असेल का?

परीक्षेत उत्तरंही त्याप्रमाणे बदलतात. काच्ची काल्कायो → "ने, काच्ची कायो" (हो, बरोबर जाऊ या). चेगा हाल्कायो → "ने, हे जुसेयो" (हो, करा ना). पिगा ओल्कायो → "ने, ओल कॉ गाथायो" (हो, येईल असं वाटतं). या जोड्या मोठ्याने म्हणून घोटा, नियमापेक्षा कानच आधी ओळखायला लागतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. राहिलेल्या दोघांविषयी थोडं.

'ल्लेयो' थेट समोरच्याची इच्छा विचारतं. "खॉफी माशिल्लेयो?", कॉफी घेणार का? ओळखीत गोड वाटतं, वडीलधाऱ्यांना मात्र सलगीचं. त्यांना "खॉफी दुशिगेस्सॉयो?" असं विचारावं.

'गे ऑत्तेयो'चा खरा उपयोग सल्ला देताना. दमलेल्या सहकाऱ्याला "चोम श्वीनुन गे ऑत्तेयो?" म्हणतात, म्हणजे जरा आराम केलात तर? इथे म्हणणारा स्वतः आराम करणार नाहीये. तेच "चोम श्वील्कायो?" म्हटलं की 'आपण जरा बसू या का' असं होतं, आणि मग तुम्हालाही बसावं लागेल.