४०३ ची जुनी फरशी

फ्लॅट ४०३: नमस्कार. शनिवारपासून हॉल, बेडरूम आणि बाथरूमची जुनी फरशी काढायला घेतोय. मजूर लावत नाही, मी आणि भाऊ दोघंच करणार. फरशी फोडायचं ब्रेकर मशीन भाड्याने आणतोय. आवाज होणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

फ्लॅट ३०३: बरं झालं सांगितलंत दादा. सासूबाई झोपून असतात, दुपारी १ ते ४ मशीन बंद ठेवाल का?

फ्लॅट ४०३: नक्की ताई. त्या वेळात पोती भरू.

फ्लॅट २०२: ६०१ वाले काका, तुमचं आयुष्य साइटवर गेलंय. दोन गोष्टी सांगा ना यांना.

फ्लॅट ६०१: सांगतो. लांबेल, पण वाचा.
लादी उचकटणं अवघड नाही. एखादी तुटकी लादी किंवा दाराजवळची कड शोधायची, सांध्यातलं ग्राऊट खरवडायचं आणि छिन्नी आडवी धरून खाली सारायची. पहिली निघाली की पुढच्या भराभर सुटतात. खरी काळजी त्याखालच्या मालाची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थराची. तो साधारण दोन इंच असतो आणि त्याखाली थेट स्लॅब. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम २० मिमी. ब्रेकर उभा धरून दाबलात, तर माल कधी संपला ते हाताला कळायच्या आत आवरण फुटतं. मशीन तिरपं धरा आणि नजर खाली ठेवा. माल भुरभुरतो, वाळूसारखा सुटतो. स्लॅब घट्ट, त्यात खडी दिसते. खडी दिसली की थांबायचं.
बाल्कनीत ब्रेकर नेऊच नका. बाल्कनी भिंतीतून पुढे काढलेली असते, तिला पेलणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, म्हणजे फरशीच्या अगदी जवळ.

फ्लॅट ४०३: बाल्कनीची फरशी तशीच ठेवतोय काका. राबिटाची, म्हणजे फोडलेल्या लादी-मालाची पोती तेवढी तिथे रचू, रविवारी टेम्पो येईल.

फ्लॅट ६०१: अजिबात नको! हिशेब बघा. एक चौरस मीटर फरशीखालचा दोन इंच माल साधारण १०० किलो, वर लादी २० किलो. तुमचा हॉल १२ चौरस मीटर धरला तरी जवळजवळ दीड टन झाला. आज तेच वजन हॉलभर पसरलेलं आहे, म्हणून स्लॅबला जाणवत नाही. राहत्या खोलीत सामान-माणसांचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. राबिटाचा कमरेएवढा ढीग म्हणजे तेवढ्याच जागेत हजार किलोच्या वर. बाल्कनीत तर विचारच करू नका. निघेल तसं पोत्यात भरा आणि त्याच दिवशी खाली न्या. पोतं अर्धंच भरा, २५ किलोच्या आत. भरलेलं सिमेंटचं पोतं जिन्यावरून उतरवताना कंबर जाते.

सेक्रेटरी: पोती लिफ्टने नेऊ नयेत ही विनंती. गेटच्या डावीकडची जागा शनिवार-रविवार मोकळी ठेवतो. टेम्पो दोन्ही संध्याकाळी बोलवा.

फ्लॅट १०४: मी डॉक्टर म्हणून लिहिते. ही धूळ घरातल्या रोजच्या धुळीसारखी नाही. लादी आणि सिमेंटच्या मालात सिलिका असते, तिचे दिसतही नाहीत इतके बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. दोन दिवसांच्या कामाने तेवढं होणार नाही, पण घरात लहान मूल आहे ना तुमच्या? रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क घाला, नाकावरची पट्टी नीट दाबून. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. माल फोडताना पाणी शिंपडत राहा. कोरडा झाडू मारू नका, साध्या व्हॅक्यूमने तर बारीक धूळ मागून परत खोलीत येते. दाराच्या फटीला ओलं फडकं लावा. आणि चष्मा! लादीची कपची काचेसारखी उडते.

फ्लॅट २०२: पाणी शिंपडायच्या आधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा विजेचा खटका) पाडा. आमच्याकडे वायरचा पाइप बोर्डाखालून फरशीतूनच पुढे गेलाय.

फ्लॅट ४०३: बघतो. डॉक्टरताई, बेडरूममध्ये लादीवर आधीच्या मालकांनी ९ इंची व्हिनाइलचे तुकडे चिकटवलेत, खाली काळा डिंकासारखा थर आहे. तो खरवडून काढावा का?

फ्लॅट ६०१: थांबा, याचं उत्तर मी देतो. किती जुने आहेत?

फ्लॅट ४०३: सत्तरीच्या दशकातले असावेत, इमारतीइतकेच.

फ्लॅट ६०१: मग हात लावू नका. त्या काळच्या व्हिनाइलमध्ये आणि काळ्या चिकटवणीत ॲस्बेस्टॉस हा तंतूंचा खनिज पदार्थ असू शकतो. धड असताना तो त्रास देत नाही. घासला, खरवडला, फोडला की तंतू हवेत उडतात. नुसतं बघून ओळखता येत नाही, प्रयोगशाळेत तुकडा तपासावा लागतो. तो काढायचाच असेल तर तपासणीनंतर, जाणत्या माणसाकडून.

फ्लॅट १०४: काकांशी शंभर टक्के सहमत. त्या तंतूंनी होणारे आजार वीस-तीस वर्षांनी दिसतात.

फ्लॅट २०३: बाथरूमबद्दल मला बोलायचंय. आधीच्या घरी वरच्यांनी नहाणी ट्रॅपजवळच्या (पाणी जायच्या जाळीजवळच्या) चारच लाद्या बदलल्या, खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं आणि आमच्या छताला दोन पावसाळे ओल होती. भांडण नको म्हणून आम्ही गप्प बसलो, पण फार सोसलं. तेवढं बाथरूम माणूस बोलावूनच करा.

फ्लॅट ६०१: बरोबर. आणि त्याने नवीन वॉटरप्रूफिंग केल्यावर लाद्या लावायच्या आधी किमान २४ तास पाणी तुंबवून खालच्या घरातून बघायचं. ४०३, एक काम आत्ताच करा. नाण्याने किंवा लाकडी मुठीने प्रत्येक लादीवर ठोकून बघा. टणक आवाज आला तर लादी घट्ट, भद्द आला तर खाली पोकळ. पोकळ असेल तेवढीच काढावी लागते. घट्ट असेल तर पॉलिमरच्या चिकटवणीने लादीवर लादी बसते, उंची दीडेक सेंटिमीटर वाढते, दार तेवढं खालून तासायचं.

फ्लॅट ४०३: ठोकून आलो. हॉलमध्ये खिडकीपासून सोफ्यापर्यंत सगळं भद्द वाजतंय, बाकी घट्ट. म्हणजे पोकळ तेवढा पट्टा काढतो, माल भरून पातळी साधतो आणि हॉलभर वरूनच नवीन लादी. बेडरूमची तपासणी होईपर्यंत तिथे काहीच नाही. बाथरूमला माणूस बघतो.

फ्लॅट ३०३: आमच्या हॉलच्या छताचे फोटो आधी काढून घेऊया का? हादऱ्याने प्लास्टर सुटलं तर नंतर तुमच्या-आमच्यात वाद नको.

फ्लॅट ४०३: शुक्रवारी संध्याकाळी येतो ताई. पंख्याचा हुकही बघून घेऊ.

फ्लॅट ६०१: मीही येतो. टॉर्च आणतो.