तीच पानं, पण खड्ड्यात पहिल्या पावसाचा वास आणि बादलीत सडक्या अंड्याचा, असं का?

सुदामानगर_गच्ची
नमस्कार मंडळी, इंदूरचाच आहे. घरामागे कडुनिंब आणि देशी बदाम आहे, पानांचा नुसता खच पडतो. जाळायची नाहीत हे आमचं पक्कं आहे, म्हणून अर्धी पानं खड्ड्यात शेण आणि माती घालून टाकली आणि उरलेली एका जुन्या बादलीत राहून गेली, तिच्यात पावसाचं पाणी साचलं. आता खड्डा उकरला की पहिल्या पावसाचा वास येतो, मस्त भुसभुशीत झालंय, आणि बादली हलवली तर सडक्या अंड्याचा असा भपका की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. तळाशी डांबरासारखा काळा गाळ. सिरपूर तलावाच्या काठी काडी खुपसली तर अगदी असाच काळा चिखल निघतो आणि वर बुडबुडे येतात. पानं तीच, झाड तेच, मग फरक कुठून आला? मुलगी नववीत आहे, तिच्या पुस्तकात नायट्रोजन चक्राचे बाण काढलेत, ती विचारते बाबा हे बाण फिरवतं कोण, आणि मला धड सांगता येत नाही.

सूक्ष्मजीव_शिकवते
दादा, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, बाण फिरवणारे सगळे जिवंत आहेत आणि प्रत्येक जण आपलं पोट भरतोय, बस. खड्ड्यात आणि बादलीत काम एकच चाललंय, पानातला कार्बन खायचा आणि त्यातून शक्ती काढायची. पण शक्ती काढताना इलेक्ट्रॉन सुटतात ते कुणाच्या तरी गळ्यात घालावे लागतात. आपण ते ऑक्सिजनच्या गळ्यात घालतो, श्वास म्हणजे तेच. खड्ड्यात हवा खेळते म्हणून तिथले बॅक्टेरिया आणि बुरशीही तेच करतात. त्यातले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे बॅक्टेरिया जिओस्मिन बनवतात, तो तुमचा पहिल्या पावसाचा वास, आणि आपलं नाक तो इतक्या कमी प्रमाणात ओळखतं की आश्चर्य वाटतं.

बादलीत मात्र ऑक्सिजन पोचतच नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू सरकतो, आणि जो पोचतो तो वरचे जीव तिथेच संपवतात. मग खालचे काय करतात तर जे मिळेल त्यावर भागवतात आणि याला ठरलेला क्रम आहे. आधी नायट्रेट वापरतात, त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. मग मँगनीज, मग गंजातलं लोखंड, मग सल्फेट. सल्फेट वापरणारे जे आहेत ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, अंड्याचा वास तो (थोडा पानांच्या प्रथिनांतल्या गंधकातूनही येतो). तोच वायू लोखंडाला भेटला की आयर्न सल्फाइड होतं आणि चिखल काळा पडतो. सगळं संपलं की शेवटी कार्बन डायऑक्साइडवरच काम चालवणारे जीव येतात आणि मिथेन बनवतात, तळ्यातले बुडबुडे बहुतेक करून ते. व्होल्टाने 1776 मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून हाच वायू गोळा केला होता. हे मिथेनवाले बॅक्टेरिया नाहीतच बरं का, आर्किया आहेत, 1977 मध्ये कार्ल वूज यांनी त्यांचा वेगळा गट दाखवला.

एक करून बघा, तो काळा गाळ चमचाभर पांढऱ्या बशीत पातळ पसरून ठेवा. काही तासांत कडेपासून तपकिरी व्हायला लागेल आणि वास जाईल. लोखंडाला ऑक्सिजन मिळाला, एवढंच.

आणि एक मनापासून सांगते, बादलीची गोष्ट वेगळी पण बंद गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरू देऊ नका. हाच अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येणं थांबतं आणि माणसाला वाटतं की गेला, आणि तिथेच घात होतो. आपल्या देशात यात माणसं मरतात आणि ते थांबलंच पाहिजे.

सांवेर_रोड_शेती
मी शेतीवाला आहे, ताईंनी सांगितलेलं आमच्या सोयाबीनला तंतोतंत लागू पडतं. माळव्याची काळी माती, जुलैत झड लागली की वावरात पाणी तुंबतं आणि पीक पिवळं पडतं, लोक लगेच युरिया टाकायला धावतात. अहो पण मुळांना श्वास नाही, मुळांवरच्या गाठींना (त्यातले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन पिकाला देतात) श्वास नाही, आणि मातीत होतं ते नायट्रेट वर सांगितलंय तसं हवेत उडून गेलं. त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड म्हणून जातं, शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारं. वर आणखी युरिया टाकला की त्याचीही तीच गत होते, आधी पाणी काढा, म्हणूनच आमच्याकडे वरंबा-सरीवर पेरा म्हणतात.

गाठीचं बघायचं असेल तर फुलावर आलेलं रोप खुरप्याने मातीसकट उचला, उपटू नका, गाठी तुटतात. पाण्यात हलवून माती काढा आणि एक गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसली म्हणजे काम चालू आहे. आतून हिरवी किंवा पांढरी असेल तर ती नुसती नावाला आहे. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे पण तो फोडणारं एन्झाइम ऑक्सिजनने खराब होतं, आणि गाठीतल्या बॅक्टेरियाला श्वासाला ऑक्सिजन तर हवाच, म्हणून हा गुलाबी पदार्थ मोजून मापून पोचवतो. कारखान्यात हेच काम 400-500 अंश तापमान आणि शेकडो पट दाब देऊन होतं आणि इथे एक रोप वावरात उभं राहून करतंय, मला दरवर्षी बघितलं की भरून येतं खरंच. कल्चर, म्हणजे गाठी करणारे हे जिवाणू, बियाण्याला लावताना ते सावलीत ठेवा, बुरशीनाशक आधी लावून सुकू द्या आणि कल्चर सगळ्यात शेवटी, नाहीतर बिचारे जिवाणू तिथेच मरतात.

रामबाग_जुना_रहिवासी
खड्ड्याचा विषय निघाला आणि इंदूरकरांनी हॉवर्डचं नाव घेतलं नाही! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज कृषी महाविद्यालय आहे तीच जागा. जगात इंदूर पद्धत म्हणून जे कंपोस्ट ओळखलं जातं ते इथलं. आणि 1931 च्या पुस्तकावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे, आपण मराठी लोकांनी ते विसरू नये असं मला फार वाटतं. खड्डा फक्त 2 फूट खोल ठेवायचे, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख, आणि तीन वेळा पलटी, साधारण तीन महिन्यांत खत तयार. खोली आणि पलटी यांचा अर्थ ताईंच्या उत्तरात आहे, हवा जाऊ द्यायची. नुसती कोरडी पानं घातली तर वर्ष-वर्ष पडून राहतात कारण कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नाही, 25-30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असला की ढीग तापतो.

उलटं उदाहरणही इंदुरातच आहे. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर (कचरा डेपोवर) 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी, म्हणजे कचऱ्यापासून इंधन-वायू बनवणारा, प्लांट सुरू झाला, तिथे हवा मुद्दाम बंद ठेवतात, आणि तलावाच्या तळाशी जे मिथेनवाले आहेत तसलेच जीव टाकीत काम करतात.

सुदामानगर_गच्ची
खूप खूप आभार सगळ्यांचे, मुलीला पूर्ण वाचून दाखवलं, बशी लगेच मांडली आहे. आता दोन प्रश्न. बादलीतला गाळ झाडांना घालू का? आणि तिला शाळेत दाखवता येईल असं काही आहे का?

सूक्ष्मजीव_शिकवते
गाळ थेट मुळाशी नको, सल्फाइड मुळांना त्रास देतं. कोरडी पानं आणि मातीत कालवून खड्ड्यातच टाका, पलटी मारत राहा, वास गेला की वापरा.

शाळेसाठी विनोग्राड्स्की यांची बाटली करा, हे रशियन शास्त्रज्ञ, 1880 च्या दशकात त्यांनी ही पद्धत काढली. उंच पारदर्शक बाटली घ्या, तलावकाठच्या चिखलात वर्तमानपत्राचे तुकडे, थोडी खडूपूड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक मिसळून तळाशी भरा, वर तलावाचंच पाणी, आणि उजेडाच्या खिडकीत ठेवा. काही आठवड्यांत खालून काळा, मग हिरवा, मग जांभळा असे पट्टे दिसायला लागतील. हिरवे-जांभळे बॅक्टेरिया उजेडावर जगतात पण पाण्याऐवजी तोच हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणजे खालच्याने टाकलेलं वरचा खातो आणि गंधक पुन्हा फिरायला लागतं. पट्टे सरळ येणार नाहीत, वेडेवाकडे येतील, काही वेळा जांभळा फार उशिरा येतो, धीर धरा. तिला दर रविवारी त्याच जागेवरून फोटो काढायला सांगा. आणि झाकण घट्ट लावू नका, आत गॅस साठतो.