तीनपत्तीवाल्यांना पोकर शिकवताना (मुक्काम सोलापूर)

नमस्कार मंडळी,
गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला आलोय. रात्री जेवणं झाली की गच्चीवर पत्ते. सगळे तीनपत्तीत मुरलेले, त्यांना मी पोकर शिकवायला बसलो आणि काल भांडण लागलं. वर, म्हणजे मध्ये सगळ्यांसाठी उघडे, पाच पत्ते होते: बदाम सत्ती, बदाम नव्वी, किलवर छक्की, बदाम दुरी, इस्पिक राजा. माझ्या हातात चौकट अठ्ठी आणि इस्पिक पंजी, म्हणजे पंजीपासून नव्वीपर्यंत सिक्वेन्स. आतेभावाकडे बदाम राणी आणि बदाम चौकी. मी म्हणतो कलर (पाचही एकाच रंगाचे, इथे बदाम) जिंकला, घर म्हणतं सिक्वेन्स मोठा. माझी बाजू घेणारं कुणी नाही, मीसुद्धा नाही, कारण शेंगा माझ्याच जाणार. पैसे लावत नाही हो, शेंगांवर चाललंय. नक्की कोण बरोबर?

---

तुम्हीच बरोबर, शेंगा देऊन टाका.
तीन पत्त्यांत सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो, कलर १,०९६ प्रकारे. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पत्त्यांत उलटं होतं: सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. ट्रेलचे, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांचे, तर हालच. तीनपत्तीत तो सगळ्यांच्या डोक्यावर, इथे सिक्वेन्सच्याही खाली. तीन एक्के हातात धरून घरचे उड्या मारणार, तेव्हा आधीच सांगून ठेवा.
खालून वर चढत जा: नुसता मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स (स्ट्रेट), कलर (फ्लश), मग तीन सारखे अधिक एक जोडी म्हणजे फुल हाउस, चार सारखे, आणि वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. त्यातलाच दश्शी ते एक्का हा रॉयल फ्लश. इस्पिक बदामापेक्षा मोठं वगैरे काही नाही, चारही रंग सारखेच.
बाकी बोली सोपी आहे. हातात दोन पत्ते, वर आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). सातांतले उत्तम पाच धरायचे. कुणी काही लावलं नसेल तर फुकट पुढे जाता येतं, तो चेक. समोरच्याएवढं टाकलं तर कॉल, वाढवलं तर रेझ, पत्ते टाकून डाव सोडला, म्हणजे आपलं पॅक, तर फोल्ड. ब्लाइंडला मात्र सगळे फसतात. पत्ते न बघता अर्ध्या भावात खेळायची सोय इथे नाही. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधीच ठरलेली रक्कम टाकायची, छोटी आणि मोठी. पत्ते सगळ्यांनी खुशाल बघावेत. साइड शोही नाही, शेजाऱ्याचे पत्ते मागायचे नाहीत.

---

काका, आभार. आज नवं प्रकरण. वर राजा, एक्का, राणी, नव्वी, दुरी. कलर कुणाचाच लागत नाही. आत्याकडे राजा-अठ्ठी, माझ्याकडे राजा-तिरी. दोघांची राजाची जोडी. आत्या म्हणाली, माझी अठ्ठी मोठी, आणि ढीग ओढून घेतला.

---

अठ्ठी मोजायचीच नाही. जोडी सारखी असली की उरलेल्यांतले मोठे तीन पत्ते बघायचे, त्यांना किकर म्हणतात. इथे दोघांचेही एक्का, राणी, नव्वी, आणि तेही वरचेच. पाच पत्ते तिथेच पुरे झाले, अठ्ठीला जागाच नाही. आत्याकडे राजा-गुलाम असता तर नव्वीच्या जागी गुलाम बसला असता आणि ढीग तिचाच होता. आता अर्धा तुमचा. मागून बघा, आत्तापर्यंत सोलून खाल्ल्या नसतील तर.